'ॲडमायर'ला 'इंग' लागतं की नाही? मोमेंटो परत आलाय

पितळी_पाटी

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागात माझं ट्रॉफी-मोमेंटोचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक लेझर मशीन, एक कॉम्प्युटर आणि कपांनी भरलेलं कपाट. सन्मानचिन्हं, दारावरच्या पाट्या, मानपत्रांच्या फ्रेमा, गल्ली क्रिकेटचे कप, सगळं करतो. बावीस वर्षं झाली रोज इंग्रजी कोरतोय. पण कोरता येणं वेगळं आणि कळणं वेगळं.

एका शाळेतले चार मास्तर आले होते. मुख्याध्यापक रिटायर होताहेत, त्यांना द्यायला मोमेंटो हवा. ॲक्रेलिकचा, आठ बाय दहा, खाली लाकडी स्टँड. वर सरांचा फोटो, मधे मराठीत दोन ओळी आणि तळाला मोठ्या अक्षरात इंग्रजी एक ओळ. इंग्रजी कशाला, असं मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला असं विचारायचं नसतं. मॅटर त्यांनी वहीच्या पानावर लिहूनच आणलं होतं: 'वुई आर ॲडमायरिंग यू सर'. मी टाईप केलं, स्पेलिंग दोनदा तपासलं, व्हॉट्सॲपवर प्रूफ पाठवलं. तिकडून अंगठा आला. मशीनवर चढवलं.

दुसऱ्या दिवशी मोमेंटो परत. म्हणे शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी पाहिला आणि तोंडाला पदर लावून हसल्या. म्हणाल्या, "सर म्हणजे काय अंबाझरी तलावाचा ओव्हरफ्लो आहे का, काठावर उभं राहून पाहायला?" आता ॲक्रेलिकवर एकदा लेझर फिरला की फिरला, तिथे खोडरबर चालत नाही. साडेचारशेचा माल गेला. अर्धे त्यांनी सोसले, अर्धे मी. तक्रार नाही.

घरी मुलीला विचारलं. कॉलेजात आहे. म्हणाली, "बाबा, ते स्टेटिव्ह आहे." स्टेटिव्ह म्हणजे काय? "म्हणजे त्याला आयएनजी लागत नाही." का लागत नाही? "रूल आहे." संपलं.

बरं, भानगड एकच नाही. मधल्या मराठी ओळीत 'आम्हाला आपले कौतुक वाटते' असं होतं. त्यावर त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्या मास्तरांनी नाक मुरडलं. "सरांचं कौतुक करणारे आपण कोण?" म्हणजे खालची ओळ गेली आणि मधलीही गेली, उरला फोटो.

तर ॲडमायर म्हणजे नेमकं काय, ते कुठे बसतं, कुठे बसत नाही आणि मराठीत त्याला काय म्हणायचं? डिक्शनरी पाहिली. प्रशंसा करणे, कौतुक करणे, आदर वाटणे, वाखाणणे, असे चार अर्थ दिलेत. दुकानदार चार चपला पुढे टाकतो तेव्हा एकही मापाची नसते, हा माझा अनुभव आहे. नवा मोमेंटो शनिवारपर्यंत द्यायचाय.

खडू_आणि_फळा

भाऊ, मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं, बहुतेक नववी-दहावीला. त्या बाई हसल्या हे काही बरं केलं नाही, पण त्यांना खटकलं ते खटकण्यासारखंच आहे.

एखाद्याचे गुण, काम, धीर पाहून मनात त्याच्याबद्दल मोठेपणाची भावना असणं, म्हणजे ॲडमायर. 'असणं' या शब्दाकडे लक्ष द्या. ही मनाची अवस्था झाली, हातांनी करायचं काम नव्हे. तुमची मुलगी स्टेटिव्ह म्हणाली ते हेच. नो, बिलीव्ह, ओन ही क्रियापदं त्याच घरातली. तुम्ही 'आय ओन धिस शॉप' म्हणाल, 'आय ॲम ओनिंग' म्हणणार नाही, कारण मालकी काही सकाळी दहाला सुरू होऊन रात्री नऊला बंद होत नाही. शटर होतं. सरांचंही तसंच. 'वुई ॲडमायर यू' म्हटलं की ते काल होतं, आज आहे, उद्याही राहील. 'इंग' लावलं की निरोप समारंभाचा चहा संपेपर्यंतच आहे, असं ऐकू येतं.

मग या शब्दाला 'इंग' कधीच लागत नाही का? लागतं, आणि त्या बाईंचा विनोद तिथूनच आलाय. ॲडमायरचा दुसरा अर्थ आहे, आवडीने निरखत राहणं. हे मात्र काम आहे. सुरू होतं, थांबतं. तुमच्या दुकानात एखादं पोरगं मोठ्या कपासमोर उभं राहून टक लावून बघतं ना? 'ही इज ॲडमायरिंग द ट्रॉफी.' शंभर टक्के बरोबर. आरशापुढे उभी राहणारी, रामटेकच्या गडावरून खालचं पाणी बघणारी माणसं, सगळीकडे 'इंग' चालेल. म्हणून 'वुई आर ॲडमायरिंग यू सर' वाचल्यावर चार मास्तर सरांना न्याहाळत उभे आहेत असं चित्र डोळ्यांपुढे येतं.

अजून एक चूक पोरं हमखास करतात, ती तुमच्याकडे कधीतरी येईलच. 'आय ॲडमायर टू यू' किंवा 'ऑफ यू'. मराठीत आपण 'तुमचं' कौतुक करतो, 'तुम्हाला' मान देतो, त्यामुळे मधे काहीतरी चिकटवल्याशिवाय हात थांबत नाही. इंग्रजीत मधे काही नको. ॲडमायर, की लगेच माणूस. कारण सांगायचं असेल तर पुढे 'फॉर' लावा: सरांना ॲडमायर करतो, 'फॉर हिज पेशन्स'. नाहीतर सरळ गुणच ठेवा: 'वुई ॲडमायर हिज पेशन्स'. दोन्ही चांगली.

उच्चाराचंही सांगून टाकते, कारण समारंभात कोणीतरी ती ओळ माइकवर वाचणारच. क्रियापदात जोर 'मायर'वर, सुरुवातीचा 'अ' अगदी पुसट. पण नामात 'मायर' राहतच नाही. ॲडमायरेशन नव्हे, ॲड-म-रे-शन, जोर 'रे'वर. विशेषणात तर जोर एकदम पहिल्या अक्षरावर उडी मारतो: ॲड्‌मरबल. 'ॲडमायरेबल' मी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांच्या तोंडूनही ऐकलंय आणि गप्प बसलेय.

आणि प्रशंसा हा शब्द इथे नको. प्रशंसा म्हणजे प्रेज, ती बोलून दाखवावी लागते. ॲडमायर तोंड न उघडता जन्मभर करता येतं. माझ्या शाळेत गणिताच्या एक बाई होत्या. त्यांचं फळ्यावरचं अक्षर असं की तास संपल्यावर पुसायला जीव होत नसे. पट्टीशिवाय सरळ ओळ, बेरजेची रेघसुद्धा देखणी. १९ वर्षं मी त्यांच्यामागून त्या वर्गात जात होते आणि दरवेळी डस्टर हातात घेऊन क्षणभर थांबत होते. त्यांना एकदाही बोलले नाही. याला ॲडमायर म्हणतात.

तर्री_जास्त

पाटीभाऊ, चूक ना तुमची ना मास्तरची. चूक आपल्या बोलीची आहे. आपण नागपूरवाले सगळ्यालेच 'राहिलो' लावतो. "काय करून राहिला बे?" "जाऊन राहिलो." "मले समजून नाही राहिलं." आता हेच जसंच्या तसं इंग्रजीत नेलं की 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' होते. मी आयटी पार्कात फोनवर गोऱ्या लोकाइशी बोलतो. पयल्याच आठवड्यात ट्रेनरनं माह्यं सगळं 'इंग' उपटून काढलं. तवापासून घरी 'राहिलो' आणि हापिसात साधा वर्तमानकाळ.

पण मराठी शब्दाची एवढी शोधाशोध काहून चालली तेच समजून नाही राहिलं. शब्द तर आपल्या तोंडात दिवसातून दहादा येते. "मानलं भाऊ तुले!" मानणे. 'आम्ही सरले मानतो.' झालं ना ॲडमायर? आता यालेच 'राहिलो' लावून पाहा. "मी सरले मानून राहिलो." म्हणन का असं कोणी? बर्डीपासून कामठीपर्यंत एक माणूस नाही सापडणार. म्हणजे तुमच्या पोरीचा रूल आपल्या नागपुरीतच आहे, ते स्टेटिव्ह का काय म्हणते ते.

मानणे आणि आवडणे येगळं, हे मी जामठ्याले शिकलो. २००८, नोव्हेंबर. नव्या स्टेडियमवरची पयली टेस्ट, गांगुलीची शेवटची. मामानं नेलं होतं. आम्ही गेलो गांगुलीसाठी आणि पाहून आलो जेसन क्रेझा. ऑस्ट्रेलियाचा ऑफस्पिनर, त्याची पयलीच टेस्ट. मार असा खाल्ला की पयल्या डावात २१५ रन दिले. पण गडी थांबलाच नाही, उंच टाकतच राहिला, आणि त्याच डावात ८ विकेट. दोन्ही डाव मिळून १२. टेस्ट आपण जिंकलो आणि मॅन ऑफ द मॅच तो! मामा ऑस्ट्रेलियावाल्याइले शिव्या देणारा माणूस. पण तो उभा राहून टाळ्या वाजवून राहिला होता. "मानलं पोट्ट्याले," म्हणे. त्याच्यावर प्रेम नाही, त्यानं हरावं हेच वाटून राहिलं होतं, तरी मानलं.

पितळी_पाटी

खडूताई, शटरचं उदाहरण कायमचं डोक्यात बसलं. बावीस वर्षांत मला कोणी असं सांगितलं नाही. तर्रीभाऊ, तुमचं 'मानून राहिलो' मी दुकानात मोठ्याने म्हणून पाहिलं, शेजारचा झेरॉक्सवाला आत डोकावला.

एक शंका. मास्तर आता म्हणताहेत की ॲडमायरची कटकटच नको, 'वुई ॲप्रिशिएट यू' टाका. आणि खाली सही म्हणून 'युवर ॲडमायरर्स'. चालेल?

खडू_आणि_फळा

ॲप्रिशिएट चुकीचं नाही, पण ते वरून खाली येतं किंवा हिशेबाने येतं. साहेब कारकुनाला म्हणतो, 'आय ॲप्रिशिएट युवर एफर्ट्‌स'. त्यात 'तुमच्या कामाची किंमत आम्हाला कळली' असा भाव असतो, थोडासा आभाराचाही. उगाच नाही बेसा-बेलतरोडीच्या प्लॉटचे भाव चढले की तेही 'ॲप्रिशिएट' होतात. मुख्याध्यापकांना त्यांच्याच शिक्षकांनी द्यायच्या वस्तूवर ते मला तरी कोरडं वाटतं. रिस्पेक्ट घ्या, तो उभा राहतो, पण एकटा जरा थंड आहे. रिस्पेक्ट हुद्द्याचाही असतो. चौकातल्या शिट्टीवाल्या पोलिसाचाही आपण ठेवतो. ॲडमायर हुद्द्याला करता येत नाही, माणसातलं काहीतरी दिसावं लागतं. आणि ॲडोर नको, ते बाळाला किंवा देवाला.

'ॲडमायरर्स' अनेकवचनात चालून जाईल. एकवचनी मात्र कधी कोरू नका, विशेषतः बाईंच्या मोमेंटोवर. 'ॲडमायरर' म्हणजे मागे लागलेला, चिठ्ठ्या पाठवणारा असाही अर्थ आहे. शाळेत वर्षभर चघळायला विषय मिळेल.

रोखठोक_इतवारी

मराठी शाळा, मराठी मास्तर, मराठी सर. इंग्रजी ओळ हवीच कशाला? सगळी चर्चा व्यर्थ आहे.

निवृत्त_स्टेनो

रोखठोकजी, व्यर्थ काही नसते. मी सिव्हिल लाइन्समध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात आयुष्य टायपिंगात घालवले, त्यामुळे एका शब्दावर बोलण्याचा थोडा अधिकार सांगतो. तो शब्द म्हणजे 'दाद'.

कोर्टात पक्षकार दाद मागतो. गाण्याच्या बैठकीत श्रोता दाद देतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला याची मोठी गंमत वाटे. दिवसभर 'योग्य ती दाद मिळावी' असे टाईप करायचे आणि संध्याकाळी मैफलीत जाऊन ती फुकट वाटायची. शब्द फारसीतला, मूळ अर्थ न्याय. म्हणजे चांगल्या तानेला 'वा' म्हणणे हा त्या तानेला मिळालेला न्याय. 'शाबास' तिकडचाच, शाद बाश, म्हणजे खूश राहा. 'तारीफ' अरबी, मूळ अर्थ ओळख करून देणे, आपल्याकडे हिंदीत अजून विचारतातच, "आपकी तारीफ?" आणि वाखाणणे हे तर व्याख्यानाचे अपत्य. व्याख्यानाचे प्राकृतात वक्खाण झाले आणि त्याचे वाखाणणे. आधी समजावून सांगणे होते, मग वाढवून सांगणे झाले, मग स्तुती.

आता पाहा, हे चारही शब्द तोंडाचे आहेत. दाद, शाबासकी, तारीफ, वाखाणणी, सगळे मोठ्याने. श्रीमती खडू म्हणतात तो मुका शब्द यांत नाही. तेव्हा डिक्शनरीतले वाखाणणे पाटीवाल्यांनी खुशाल खोडावे.

रामटेकची_सून

स्टेनोकाका, दादेला दाद! मला कौतुकाबद्दल बोलायचंय, कारण ते म्हातारे मास्तर शंभर टक्के बरोबर होते.

कौतुक मराठीत उतारावरून वाहतं. सासूबाई माझं कौतुक करतात, सगळ्या आळीला माहीत आहे. मी सासूबाईंचं कौतुक करायला गेले तर त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडेल. आजी नातवाचं करते, साहेब नव्या पोराचं करतो, गाव दहावीत पहिल्या आलेल्या मुलीचं करतं. खालून वर करायला गेलं की त्याला टोमण्याचा वास येतो. "तुमचं बाई कौतुकच आहे!" हे कोणी मला म्हटलं तर मी आधी माझ्या हातून काय झालं ते आठवते. लाडकौतुक, कोडकौतुक, सगळीकडे कौतुक करणारा मोठा आणि ज्याचं होतं तो धाकटा. ॲडमायर नेमकं याच्या उलट्या दिशेला बघतं, मान वर करून. म्हणून डिक्शनरीवाले जोडी लावतात आणि मोमेंटो परत येतात.

पण गंमत अशी की मुळात दोघं सख्खे भाऊच. मी संस्कृत शिकलेय, तिथे कौतुक म्हणजे कुतूहल, नवल, आणि लग्नात हाताला बांधतात तो मंगल दोराही. ज्ञानेश्वरांच्या 'माझा मराठाचि बोलु कौतुकें' या ओवीतल्या 'कौतुकें'चा अर्थ 'सहज, लीलेने' असा लावतात. शाबासकीचा तिथे संबंध नाही. ॲडमायर लॅटिनमधून आलं, 'मिरारी' म्हणजे नवल वाटणे. चमत्काराचं 'मिरॅकल' त्याच कुळातलं आणि आरशाचं 'मिरर'सुद्धा. शेक्सपिअरच्या काळात ॲडमिरेशन म्हणजे नुसता अचंबाही असे, त्यात चांगलं-वाईट असं काही नसे. भूत पाहिलं तरी ॲडमिरेशन! आपण ज्याला उद्गारचिन्ह म्हणतो, त्याला पूर्वी इंग्रजीत 'नोट ऑफ ॲडमिरेशन' म्हणत आणि स्पॅनिशमध्ये त्याच शब्दाने ते आजही ओळखलं जातं. दोन्ही शब्द नवलातून निघाले. पुढे इंग्रजी शब्दाने मान वर केली आणि मराठी शब्द पाळण्यात वाकून बघत बसला.

(नौदलातला ॲडमिरल मात्र या घरचा नाही, कोणी जोडू नका. तो अरबी 'अमीर'वरून आला. 'ड' त्याला याच लॅटिन शब्दाच्या संगतीने चिकटला.)

लायब्ररी_कार्ड

तर्रीभाऊंचं 'मानणे' मला पटलं, पण एका जागी अडखळलो.

मी दीक्षाभूमीपासून चालत दहा मिनिटांवर राहतो, लहानपणापासून बाबासाहेबांचं वाचत आलो. १८ जानेवारी १९४३ला पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या १०१व्या जयंतीला त्यांनी इंग्रजीत भाषण केलं होतं. त्यात विभूतिपूजेचे त्यांनी दोन प्रकार सांगितले. एक, मोठ्या माणसाबद्दल आपलं अमर्याद ॲडमिरेशन व्यक्त करणं. हाच शब्द त्यांनी वापरलाय. दुसरा, त्या माणसाची आज्ञा पाळत सुटणं. पहिल्यात त्यांना काही गैर दिसत नाही, दुसरा ते अतिशय घातक मानतात. म्हणजे ॲडमायरमध्ये आज्ञा पाळणं येत नाही, हे त्यांनी वापरातूनच दाखवलं. ज्याला ॲडमायर करता त्याच्याशी भांडताही येतं. रानडे, गांधी, जिना यांच्याबद्दल ते त्या भाषणात जे बोलले त्यात मोजमाप आहे, नुसता जयजयकार नाही.

आता आपलं 'मानणे' घ्या. 'मी त्यांना मानतो' यात मोठेपणा मान्य करणं आलं, आणि त्यांचं सांगणं ऐकणंही आलं. 'माझं मान', 'घरात कोणी मानत नाही', 'देव मानतो'. इंग्रजीत दोन वेगळे खण आहेत, मराठीत एकच पेटी. म्हणून मानणे हे ॲडमायरच्या सगळ्यांत जवळचं आहे हे खरं, पण त्याच्या खिशात एक जास्तीची चिठ्ठी आहे.

तर्री_जास्त

मानलं दादा. (पयल्या अर्थानं.)

पितळी_पाटी

मंडळी, शनिवार झाला, मोमेंटो गेला. सगळं सांगतो.

रोखठोकजींच्या बोलण्यावरून मास्तरांना अखेर विचारलंच, इंग्रजी ओळ कशाला? कळलं की सरांचा मुलगा हैदराबादला असतो, सून तेलुगू, आणि दहा वर्षांच्या नातीला मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही. आजोबांना काय दिलं हे तिला वाचता यावं म्हणून ती ओळ. बावीस वर्षं मी हा प्रश्न विचारत नव्हतो.

मग आम्ही पाच जण कॉम्प्युटरपुढे बसलो आणि हा धागा मोठ्याने वाचला. तर्रीभाऊंच्या बोलीवर मास्तर लोक खूश. लायब्ररीवाल्यांचं वाचल्यावर म्हातारे मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सरांना आम्ही मानायचो. ऐकायचो नाही. वेळापत्रकावरून सत्तावीस वर्षं भांडलो." बाकीचे तिघे हसले, एक जण म्हणाला, "हेच कोरा." ते काही कोरलं नाही. पण 'मानतो' हा शब्द पक्का झाला. जास्तीच्या चिठ्ठीचं काय, विचारलं, तर म्हातारे मास्तर म्हणाले, "राहू दे. सरांना माहीत आहे."

तर मधे आलं: 'सर, आम्ही तुम्हाला मानतो.' एवढंच, एका ओळीत, फॉन्ट एक पॉइंट वाढवून. तळाला इंग्रजीत 'वुई ॲडमायर यू' टाकणार होतो, पण फोटोच्या रुंदीला ते तोकडं दिसत होतं, दोन्ही बाजूंना मोकळी जागा. मग 'विथ ॲडमिरेशन अँड रिस्पेक्ट'. इंग्रजीत मोकळ्या जागा धरून २७ अक्षरं होतात, त्या फॉन्टमध्ये ओळीत ३० मावतात, दोन्हीकडे सारखं सुटतं. क्रियापदच नाही, त्यामुळे 'इंग'ची भीतीही नाही. ही पळवाट आहे हे मला कळतं. या वेळी प्रूफवर अंगठा चालणार नाही म्हणून सांगितलं, फोन करून ओळ वाचून दाखवायला लावली. म्हाताऱ्या मास्तरांनी 'ॲडमायरेशन' वाचलं. मी म्हटलं, "ॲड-म-रे-शन, सर, जोर 'रे'वर." मास्तरांना शिकवण्याचा प्रसंग आयुष्यात पहिल्यांदाच आला.

खराब झालेला तुकडा उलटून मागच्या बाजूने वापरता येतो का पाहिलं. येत नाही, आरपार दिसतं. सध्या मशीनच्या मागे भिंतीला टेकून आहे. फोटोचा भाग कापून मास्तरांना परत दिला, खालची ओळ तेवढी ठेवली.

आणि खडूताई, तुमच्या त्या गणिताच्या बाईंचा विषय डोक्यातून जात नाही. एक छोटी पितळी पाटी करून देतो, सहा बाय दोन, पैसे नकोत. मॅटर मात्र तुम्ही लिहून द्या, मी स्वतःच्या मनाने एक अक्षर टाकणार नाही.

खडू_आणि_फळा

इंग्रजी नको भाऊ, त्यांना त्याचा पहिल्यापासून कंटाळा. 'बाई, अक्षर मानलं' एवढंच कोरा. आणि ओळ सरळ येऊ द्या, त्या पट्टी न लावता तपासतील.